ड्रमवर काय लिहिलं आहे?

ही गोष्ट साधारण पंधरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा ज्या सरकारी रुग्णालयात होतो, त्याच्या आसपास बरेच रासायनिक कारखाने होते. मे महिन्यातली दुपार. अपघात विभागात रिक्षातून एक बावीस-तेवीस वर्षांचा तरुण आणला गेला. ओठ निळसर करडे, नखेही तशीच. डोके फुटेल इतके दुखते आहे म्हणत होता, उभा केला की चक्कर. छातीत मात्र दुखत नव्हते आणि दमही फारसा लागलेला नव्हता. निवासी डॉक्टरने ऑक्सिजन लावला, ईसीजी काढला. ईसीजी ठीक होता. ऑक्सिजन पूर्ण वेगाने चालू होता, तरी बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा ८५ वरून हलायला तयार नव्हता.

सोबत आलेल्या कामगाराला विचारले, “अंगावर काय सांडलं?”

“काही नाही साहेब, तेल होतं. ड्रम आडवा करताना मांडीवर सांडलं. चिंधीनं पुसलं आणि परत कामाला लागला.”

तेल! आम्ही कारखान्यात फोन लावला. पलीकडून सुपरवायझर म्हणाला, “साधं सॉल्व्हंट आहे हो डॉक्टर. उन्हानं झालं असेल.”

मग रक्त काढले. सिरिंजमध्ये आलेले रक्त चॉकलेटच्या रंगाचे होते आणि हवेत धरले तरी लाल होईना. एमबीबीएसच्या वर्गात हे एकदा ऐकलेले असते आणि परीक्षा झाली की विसरलेले असते. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधले लोह काही रसायनांमुळे बदलते आणि मग ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. याला मेथहिमोग्लोबिन म्हणतात. फुप्फुसे उत्तम असतात, ऑक्सिजनही भरपूर मिळत असतो, पण वाहून नेणारी गाडीच नादुरुस्त. ऑक्सिमीटरही अशा रक्ताने फसतो आणि प्रमाण फार वाढले की ८५ च्या आसपास अडकून बसतो. शंका आली खरी, पण हे करणाऱ्या पदार्थांची यादी मोठी आहे. कुष्ठरोगावरच्या डॅप्सोन या गोळीपासून विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटपर्यंत.

आमची ही चर्चा चालू असतानाच एक मुलगा धापा टाकत आत आला. मोटरसायकलवरून आला होता. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले काही कागद. “सर, ही त्या ड्रमची शीट आहे.” वर नाव होते, अ‍ॅनिलिन. रंगाच्या धंद्यात त्याला ‘अ‍ॅनिलिन ऑइल’ म्हणतात, कारण ते दिसायला तेलासारखेच असते. तो कामगार खोटे बोलत नव्हता. त्याला ‘तेल’ एवढेच सांगितलेले होते.

कागदाच्या चौथ्या भागात प्रथमोपचार होते. पहिलेच वाक्य : दूषित कपडे आणि बूट ताबडतोब काढा, कातडी साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. मी खाटेकडे पाहिले. त्या मुलाच्या अंगात अजून तीच पँट होती. म्हणजे गेला अर्धा तास आम्ही त्याला नाकातून ऑक्सिजन देत होतो आणि मांडीच्या कातडीतून विष आत चाललेच होते. अ‍ॅनिलिन कातडीतून सहज शोषले जाते. ते तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही लक्षात नव्हते. कपडे काढून त्याला धुतले, औषध भांडारातून मिथिलिन ब्लूचे इंजेक्शन मिळाले (हे नशीबच), ते हळूहळू शिरेतून दिले. तासाभरात ओठांचा रंग फिरला. तिसऱ्या दिवशी तो चालत घरी गेला. जाता जाता सांगायला हवे की मिथिलिन ब्लू सरसकट द्यायचे औषध नाही. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांना त्याने उलट अपाय होतो.

त्या मोटरसायकलवरच्या मुलाबद्दल आज लिहायचे आहे. बीएस्सी केमिस्ट्री होऊन तो त्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागला होता. कागद आणायला त्याला कोणी सांगितले नव्हते. मी विचारले तेव्हा म्हणाला, “रिक्षाबरोबरच द्यायला हवा होता सर, पण मी कपाटाची किल्ली शोधेपर्यंत रिक्षा निघून गेली.” माहितीपत्रके साहेबांच्या केबिनमधल्या कुलूपबंद कपाटात होती. पुढे त्याने औद्योगिक सुरक्षेची पदविका केली आणि आज तो एका मोठ्या कारखान्याचा सुरक्षा विभाग सांभाळतो. ओपीडीत अनेक पालक तपासणी झाल्यावर दारात थांबून विचारतात, “मुलगी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालीये डॉक्टर, आता पुढे काय?” त्यांना मी या मुलाची गोष्ट सांगतो. पालक बहुधा निराश होतात, कारण त्यांना फार्मा कंपनी किंवा परदेश असे काहीतरी ऐकायचे असते.

रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारा, असे इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. आम्ही तो प्रश्न विचारतो आणि केसपेपरवर ‘मजुरी’ किंवा ‘कंपनीत’ असे लिहून मोकळे होतो. पण रुग्णालाच आपण काय हाताळतो हे माहीत नसेल, तर नेमके विचारूनही काय हाती लागणार? कामगाराला, त्याच्या मुकादमाला, अग्निशमन दलाला आणि डॉक्टरला हे वेळेवर कळावे यासाठी काम करणारी एक पूर्ण व्यवस्था असते. तिला धोक्याची माहिती देण्याची व्यवस्था म्हणता येईल. इंग्रजीत तिचे नाव ‘हॅझर्ड कम्युनिकेशन’. ती नसली तर काय होते ते आपल्या देशाने २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये पाहिले. हमीदिया रुग्णालयात माणसांची रीघ लागली होती, डोळे उघडत नव्हते, श्वास घेता येत नव्हता, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना नेमका कोणता वायू आहे आणि त्यावर काय द्यायचे हे सांगणारे कोणी नव्हते. तो मिथाइल आयसोसायनेट होता. शरीरात सायनाइडचा परिणाम झाला आहे की नाही, सोडियम थायोसल्फेट द्यावे की नाही, याचा वाद त्यानंतरही कितीतरी काळ चालला. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात त्या रात्रीबद्दल वाचले तेव्हा मला सगळ्यात भयानक वाटले ते हेच, की डॉक्टर होते, सलाइन होते, पण नाव नव्हते.

भोपाळनंतर कायदे बदलले. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली धोकादायक प्रक्रियांवरचे एक नवे प्रकरण घालण्यात आले. कारखानदाराने कामगारांना, आसपासच्या लोकांना आणि प्रशासनाला धोक्यांची माहिती देणे त्याने बंधनकारक केले. कामगाराला आरोग्य आणि सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क मिळाला. पाठोपाठ १९८९ साली घातक रसायनांचे उत्पादन, साठवण आणि आयात यांसाठी वेगळे नियम आले. त्यांत प्रत्येक घातक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक तयार करण्याची सक्ती आहे. अमेरिकेने असा नियम १९८३ मध्ये केला होता, तिथे त्याला ‘जाणण्याचा हक्क’ असेच म्हणत.

या माहितीपत्रकाची रचना आता जगभर बहुतेक सारखी आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये ‘जीएचएस’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात सोळा भाग असतात आणि त्यांचा क्रम कधी बदलत नाही. चौथा भाग प्रथमोपचार, पाचवा आग विझवणे, सहावा सांडले तर काय, आठवा हातमोजे-मुखवटे कोणते, अकरावा शरीरावर होणारे परिणाम. क्रम ठरलेला असल्याचा फायदा असा की घाईच्या वेळी पाने उलटत बसावे लागत नाही. ड्रमवरच्या लेबलवर लाल चौकटीतली नऊ चित्रे असतात. कवटी, ज्योत, हातावर आणि धातूवर सांडणारा द्रव, मेलेला मासा आणि वठलेले झाड वगैरे. त्यातले एक चित्र मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते आणि नेमके तेच कोणाला ओळखता येत नाही : माणसाचे धड आणि त्याच्या छातीवर फुटलेली चांदणी. त्याचा अर्थ, हा पदार्थ अंगात गेला तर कर्करोग किंवा फुप्फुसाचा, एखाद्या अवयवाचा आजार देऊ शकतो. कवटीला माणूस घाबरतो. चांदणीला घाबरायला तिचा अर्थ कोणीतरी सांगावा लागतो.

लेबलवर चार आकड्यांचा एक क्रमांकही असतो. पेट्रोलच्या टँकरवर मागे १२०३ लिहिलेले तुम्ही सिग्नलला थांबल्यावर अनेकदा पाहिले असेल. तो संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक. अ‍ॅनिलिनचा १५४७. महामार्गावर टँकर उलटला आणि तुम्ही पोलिसांना फोन केलात तर हे चार आकडे सांगा; चालक बेशुद्ध असला तरी आत काय आहे ते त्यावरून कळते. मोबाइलवर लांबूनच मोठे करून वाचा, जवळ जाऊ नका.

आपल्याकडे जीएचएस कायद्याने पूर्णपणे बंधनकारक झालेली नाही. पण निर्यात करणारा कारखाना ती पाळतोच, कारण त्याशिवाय माल विकला जात नाही. आणि इथे एक गोष्ट मला नेहमी टोचते. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे रसायन ज्या देशात विकायचे, त्या देशाच्या अधिकृत भाषेत माहितीपत्रक द्यावे लागते. त्यामुळे आपल्या कोकणातल्या किंवा ठाणे-पालघरच्या एखाद्या कारखान्यातून जर्मनीला ड्रम जातो तेव्हा त्याच्यासोबत जर्मन भाषेतला कागद जातो. तो ड्रम ज्याने भरला त्याच्या हातात मात्र मराठीत काही नसते. आणि आजकाल तो भरणारा बहुधा झारखंडचा, ओडिशाचा किंवा उत्तर प्रदेशातला कंत्राटी कामगार असतो, म्हणजे नुसती मराठीही पुरत नाही. कायद्याने याचा विचार केलेला नाही असे नाही. कारखान्यातल्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावाव्यात, असे १९४८ च्या अधिनियमातच होते. सुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेतही शिक्षण आणि अनुभवाबरोबर एक अट आहे, की त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला पुरेशी आली पाहिजे. नोकरीच्या मुलाखतीत ही अट कितपत तपासतात, देव जाणे.

आता या क्षेत्रातल्या नोकऱ्यांविषयी. कायद्याने ओळखलेले पद म्हणजे सुरक्षा अधिकारी. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनुसार पाचशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर अडीचशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात तो नेमावाच लागतो. या पदासाठी प्रचलित पात्रता अशी, की अभियांत्रिकीची पदवी आणि देखरेखीच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव, किंवा अभियांत्रिकीची पदविका अथवा भौतिक वा रसायनशास्त्रातली पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव. शिवाय औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका. ही पदविका मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्थेत करता येते, तसेच राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या मान्यतेच्या संस्थांतही. बीएस्सी झालेल्या मुलांना पाच वर्षांचा अनुभव म्हणजे फार वाटतो. पण प्लांटमध्ये पाच वर्षे घालवलेल्या माणसालाच कोणता व्हॉल्व्ह नेहमी गळतो आणि रात्रपाळीत कोण मास्क काढून ठेवतो हे ठाऊक असते. ती अट मला तरी योग्य वाटते.

इथे एक सावधगिरीची सूचना. गल्लोगल्ली ‘फायर अँड सेफ्टी’चे फलक लागलेले आहेत. सहा महिन्यांत नोकरीची हमी, आखातात पगार वगैरे. ब्रिटनच्या ‘नेबॉश’ प्रमाणपत्राला परदेशात, विशेषतः आखाती देशांत, मान आहे हे खरे, पण इथल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी व्हायला ते वैधानिक पदविकेची जागा घेत नाही. पैसे भरण्याआधी अभ्यासक्रमाला कोणाची मान्यता आहे ते लेखी मागा. माझ्या एका वॉर्डबॉयच्या मुलाचे अशा एका वर्गात बरेच पैसे गेले आहेत, म्हणून हे सांगतो.

दुसरे काम माहितीपत्रके आणि लेबले लिहिण्याचे. यात रसायनशास्त्र, विषशास्त्र आणि वेगवेगळ्या देशांचे कायदे, तिन्ही लागतात. बहुतेक काम संगणकापुढे बसून करायचे असते, आणि निर्यातदार कंपन्यांत त्याला चांगली मागणी आहे. हे काम कंटाळवाणे दिसते. पण ज्याने त्या अ‍ॅनिलिनच्या कागदावर ‘कपडे आणि बूट ताबडतोब काढा’ हे वाक्य सगळ्यात वर लिहिले, त्या अनोळखी माणसाचा मी आजही ऋणी आहे. ते वाक्य सहाव्या ओळीत असते तर मी ते दहा मिनिटे उशिरा वाचले असते. ज्या मुलांना केमिस्ट्रीसोबत भाषेची आवड आहे, त्यांनी या कामाकडे जरूर पाहावे. चांगल्या मराठी आणि हिंदी लेबलांचे काम तर जवळपास पडूनच आहे. ‘इनहेलेशन टाळा’ असे मराठी मी स्वतः एका फलकावर वाचले आहे.

तिसरे काम औद्योगिक स्वच्छतातज्ज्ञाचे. नावावरून झाडलोट आठवते, पण काम आहे हवेत काय आणि किती आहे ते मोजण्याचे. कामगाराच्या पट्ट्याला छोटा पंप लावतात, कॉलरपाशी बोटाएवढी काचेची नळी. टोल्यूइनसारख्या सॉल्व्हंटसाठी तिच्यात सक्रिय कोळसा असतो. पाळी संपली की नळी प्रयोगशाळेत जाते आणि त्या माणसाने दिवसभरात किती श्वासावाटे घेतले ते कळते. अनेक पदार्थांच्या मर्यादा ठरवून दिलेल्या आहेत. अमोनियासाठी आठ तासांची सरासरी दहा लाख भाग हवेत २५ भाग. अ‍ॅनिलिनच्या नावापुढे ‘कातडी’ असा खास शेरा असतो, म्हणजे नुसती हवा मोजून भागणार नाही. मोजमाप का लागते? नाकावर भरवसा ठेवता येत नाही म्हणून. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असते. पण त्याचे प्रमाण धोक्याच्या पातळीला गेले की तो वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. टाकीत उतरलेल्याला वाटते, गॅस गेला. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. अशा तीन मृतदेहांची शवविच्छेदने एकाच दिवशी झालेली मी पाहिली आहेत. तिघांपैकी दोघे भाऊ होते.

डॉक्टरांसाठीही वाट आहे. एमबीबीएसनंतर तीन महिन्यांचा ‘एएफआयएच’ हा औद्योगिक आरोग्याचा अभ्यासक्रम करता येतो. सायनच्या संस्थेतही तो चालतो. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यात वैद्यकीय अधिकारी होण्यासाठी ही पात्रता मागतात. एमडीच्या जागेसाठी वर्षानुवर्षे झुरणाऱ्या माझ्या इंटर्न मुलामुलींना मी हे सुचवतो, तेव्हा ती विनयाने हसतात.

या पेशाबद्दल रंगवून सांगण्यात अर्थ नाही. सुरक्षा अधिकारी कारखान्यातला सगळ्यात नावडता माणूस असू शकतो. माल पाठवायची तारीख आलेली, रिअ‍ॅक्टर भरलेला, आणि हा म्हणतो थांबा. उत्पादन विभागाचा साहेब ऐकत नाही, ठेकेदार हसतो, कामगारही “अहो, मास्कमध्ये गुदमरतं” म्हणतात (आणि मे महिन्यात ते खोटेही नसते). काही ठिकाणी त्याच्याकडून फक्त सह्या हव्या असतात : प्रशिक्षण झाले, हातमोजे दिले, सराव झाला. नंतर दुर्घटना घडली की त्याच सह्या त्याच्या अंगावर येतात. म्हणून नव्याने लागणाऱ्यांनी दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. नियमांप्रमाणे सुरक्षा अधिकारी कारखान्याच्या प्रमुखाच्या थेट हाताखाली असतो, उत्पादन विभागाच्या नव्हे. आणि त्याच्या कर्तव्याला बाधा येईल असे दुसरे काम त्याला देता येत नाही. प्रत्यक्षात त्याच्याकडे कँटीन, बस आणि बागही दिलेली मी पाहिली आहे.

खरी अडचण मात्र लहान कारखान्यांत आहे. अडीचशेची मर्यादा कागदावर ठीक, पण आपल्या औद्योगिक वसाहतींत चाळीस-पन्नास माणसांवर चालणारी कितीतरी युनिट आहेत. तिथे वेगळा सुरक्षा अधिकारी कायद्याने लागत नाही आणि मालकाला परवडतही नाही. एकच केमिस्ट माल तपासतो, हिशेब लिहितो आणि सेफ्टीही बघतो. आमच्याकडे येणारे रुग्ण माझ्या अनुभवात तरी बहुतेक अशाच ठिकाणचे असतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यासारख्या ठिकाणी कारखान्यांनी आपत्तीत एकमेकांना मदत करणारे ‘मार्ग’ गट केले आहेत. एक हाक मारली की शेजारच्या कारखान्याचे पथक येते. त्याच धर्तीवर आठ-दहा लहान युनिटांनी मिळून एक प्रशिक्षित माणूस का ठेवू नये, असे मी एकदा कारखानदारांच्या एका बैठकीत विचारले होते. कल्पना सर्वांना आवडली. त्याचा पगार कोणाच्या वहीत टाकायचा यावर चहा थंड झाला.

शेतकऱ्याला यातले बरेच आधीपासून माहीत आहे. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण त्याने पाहिलेला असतो. डब्यावरचा मजकूर प्रादेशिक भाषेतही असतो आणि आतल्या चिठ्ठीत विषबाधेची लक्षणे आणि उतारा दिलेला असतो. तरीही २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणी करणाऱ्यांना विषबाधा होऊन मृत्यू झाले. अक्षर खसखशीएवढे, फवारणारा मजूर डब्याचा मालक नव्हे, आणि पंपात दोन-तीन औषधे एकत्र केलेली. लेबल असणे आणि लेबल पोचणे यांत एवढे अंतर असते. ते अंतर भरून काढणे हीच तर या लोकांची नोकरी.

घरातलेही थोडे पाहा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत फिनेल, अ‍ॅसिड किंवा रॉकेल भरून ठेवलेले आणि लहान मुलाने प्यालेले, अशी मुले अपघात विभागात आजही येतात. कारखान्यातही अपघातांचे हे जुने कारण आहे : मोठ्या ड्रमवर लेबल असते, त्यातून ज्या बादलीत किंवा कॅनमध्ये काढले त्याच्यावर काही नसते. बादली कोपऱ्यात राहते, पाळी बदलते, आणि पुढच्या पाळीतला माणूस ते पाणी समजून त्यात हात धुतो. शौचालय साफ करण्याचे अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र केले तर क्लोरीन वायू निघतो हे दोन्ही बाटल्यांवर बारीक अक्षरात लिहिलेले असते. आज घरी गेल्यावर एकदा वाचा. आणि तुमच्या घरातले कोणी रासायनिक कारखान्यात जात असेल, तर तो ज्या दोन-तीन पदार्थांत नेहमी काम करतो त्यांची नावे मोबाइलमध्ये लिहून ठेवायला सांगा. ‘तेल’ किंवा ‘पावडर’ नव्हे, ड्रमवरचे नाव आणि चार आकडे. लेबलचा फोटो काढला तरी चालेल.

आता आमच्या बाजूचा एक कबुलीजबाब. कारखान्यातल्या कामामुळे होणाऱ्या ठरावीक आजारांची यादी कायद्यात आहे, आणि असा रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकाला विनाविलंब लेखी कळवले पाहिजे, असे १९४८ च्या अधिनियमाचे कलम ८९ सांगत होते. नव्या संहितेतही ही जबाबदारी कायम आहे. त्या यादीत बेंझीन आणि त्याच्या अमिनो-नायट्रो जातकुळीची विषबाधा होती, म्हणजे अ‍ॅनिलिनही. मी त्या तरुणाचा अहवाल पाठवला नव्हता. तो बरा झाला याच्या आनंदात आम्ही डिस्चार्ज कार्डावर ‘विषबाधा’ लिहिले आणि फाइल बंद केली. तशी तरतूद आहे हे मला माहीतच नव्हते. ते मला सांगितले त्याच मोटरसायकलवाल्या मुलाने, दोन वर्षांनी, पदविकेचा अभ्यास करताना. फोनवर त्याने विचारले, “सर, तुम्ही तेव्हा कळवलं होतं ना? त्या युनिटची तपासणी झाली असती.” मला उत्तर देता आले नाही. त्याच वर्षी त्याच युनिटमधून आणखी एक निळ्या ओठांचा माणूस आमच्याकडे आला होता, आणि त्याला आणायला अंमळ उशीरच झाला होता.

आता त्या अहवालाचे कोरे नमुने आमच्या अपघात विभागात सिस्टरांच्या टेबलाच्या खणात असतात. शेजारच्या फाइलमध्ये आसपासच्या कारखान्यांनी दिलेली माहितीपत्रके आहेत. सगळ्यांनी दिलेली नाहीत. नव्या निवासी डॉक्टरांना पहिल्या दिवशी मी ती फाइल दाखवतो आणि एक सांगतो : कारखान्यातून कोणी आला की ऑक्सिजन लावता लावता त्याचे कपडे आणि बूट काढा, आणि सोबत आलेल्या माणसाला परत पाठवा, ड्रमवर काय लिहिलं आहे ते पाहून यायला.